आवाज तेवढा सरांचा

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका परक्या माणसाच्या फवारणीच्या पंपात नाक खुपसून उभे होते.

सेलूच्या अलीकडे एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आमच्या कार्यालयाची जीप थांबली होती. मला नोकरीला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. ज्यांच्या हाताखाली मला काम करायचं होतं ते गृहस्थ पंपाचं झाकण काढून, डोळे मिटून लांब श्वास ओढत होते आणि त्या घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मलाही हसू आवरेना. सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अहो बाई, हसून झालं असेल तर इकडे या. तुम्हीपण घ्या."

घेतला. घशात जाऊन बसणारा उग्र वास होता.

"हे उसात मारायचं तणनाशक," सर म्हणाले. "याच पंपातून हे आता कपाशीवर फवारायला निघाले होते. कपाशीची पानं वेडीवाकडी करायला याचा थेंब पुरतो. पंप धुतलाय म्हणतात. नुसत्या पाण्यानं धुऊन जात नाही ते. हा वास लक्षात ठेवा, बाकीचं पुस्तकात आहे."

हा माणूस चक्रम आहे असं मला तेव्हा वाटलं. पुढे त्यांच्या हाताखाली नोकरीची बरीच वर्षं गेली. मत फारसं बदललं नाही, फक्त त्यात माया मिसळली.

आमचं कार्यालय परभणीला. पिकाला काय झालंय ते ओळखायचं आणि शेतकऱ्यानं काय करायचं ते सांगायचं, एवढंच आमचं काम. सरांची किडींवर डॉक्टरेट होती, पण नावामागे कोणी डॉक्टर लावलं की चिडायचे. म्हणायचे, डॉक्टर म्हटलं की लोक औषध मागतात. अंगानं किडकिडीत, चालणं भराभर, आणि गळ्यात बुटाच्या लेसला अडकवलेलं भिंग. ते भिंग लग्नाकार्यातही गळ्यात असायचं. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. शिपायाला, साहेबाला, शाळकरी पोरांना, आणि कार्यालयाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, जरा सरका," असं म्हणून ते त्या कुत्र्याला ओलांडून आत यायचे आणि कुत्रं खरंच सरकायचं.

लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. विचारलं असतं तरी "शेत पाहिल्याशिवाय मी काही सांगत नाही" हेच उत्तर मिळालं असतं, कारण कशालाही तेच उत्तर असायचं. वसमत रस्त्याकडे एका कॉलनीत दोन खोल्या आणि पुढे पडवी, एवढं त्यांचं घर. घरात माणूस म्हणून ते एकटे. पण सकाळी सहापासून फोन वाजायचा, त्यामुळे ते एकटे आहेत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. समोरच्यानं रोगाचं नाव काढायच्या आत सरांची सरबत्ती सुरू व्हायची. कुठून बोलताय? वारं कुठलं सुटलंय? बांधापलीकडे काय पेरलंय? पंप कोणाचा? लोक वैतागायचे. "आवो सर, रोग माझ्या सोयाबीनला पडलाय, तुमी शेजाऱ्याचं काय इचारायलाव?" असं एकानं म्हटलेलं मला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "रोग तुमच्याकडे यायच्या आधी कुठेतरी राहत असेल ना हो?"

आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर शेवटी काय सांगायचे? तर थांबा. "चार दिवस थांबा. काही मारू नका." अर्ध्या जिल्ह्यात त्यांचं नाव 'थांबा सर' पडलं होतं. कृषी सेवा केंद्रवाले त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, ते साहजिकच होतं. पण लोकांना वाटायचं तसा तो आळशी सल्ला नव्हता. थांबा म्हटलं की चौथ्या दिवशी सर स्वतः त्या शेतात हजर व्हायचे. एसटीनं, काळीपिवळीनं, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, पण यायचे. सर येणार म्हणून शेतकरी थांबायचा. ते येणं नसतं तर त्यांचं कोणी कशाला ऐकलं असतं?

एकदा मी अहवालात 'निश्चितपणे करपा रोग' असं लिहिलं. सरांनी 'निश्चितपणे' या शब्दावर काट मारली आणि विचारलं, "मुळं पाहिलीत?" नव्हती पाहिली. मला त्याच दुपारी उन्हात परत पाठवलं, येलदरीच्या बाजूला, दोन गाड्या बदलून. मी रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या. मुळं कुजलेली निघाली. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता 'बहुतेक' लिहा." शाबासकी द्यायची त्यांना सवयच नव्हती. मी रजेवरून परत आले की टेबलावर एक मेलेली अळी ठेवलेली असायची, ओळखा म्हणून. तीच त्यांची आपुलकी.

सर यंत्राच्या विरोधात होते, जुन्या वळणाचे होते, असं आता काही जण सांगतात. साफ खोटं आहे. पानाचा फोटो काढून पाठवला की फोनच रोग ओळखतो आणि उपाय सांगतो, असं ॲप आलं तेव्हा सर निवृत्त झालेले होते, आणि ते ॲप सगळ्यात आधी त्यांनीच माझ्याकडून फोनमध्ये घालून घेतलं. दारात कोणी रोप घेऊन आलं की आधी स्वतः पाहायचे, आपलं मत मोठ्यानं सांगायचे आणि मग फोनला विचारायचे. दोघांचं जमलं की खूश, नाही जमलं तर अधिक खूश.

येलदरीकडचा एक जण पिवळं पडलेलं सोयाबीन घेऊन आला होता. सर म्हणाले, लोह कमी पडलंय, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात होतंच असं. फोन म्हणाला, पिवळा मोझॅक, रोगट झाडं उपटून टाका. सर म्हणाले थांबा, आणि चौथ्या दिवशी मला बरोबर घेऊन तिथे गेले. पिवळेपणा पसरत चालला होता. मोझॅकच होता. सर वाफ्यात उकिडवे बसले, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाले, "मी चुकलो. फोननं सांगितलं ते बरोबर आहे. उपटा." मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं, पण परतीच्या गाडीत पाहिलं तर स्वारी खिडकीला टेकून हसत होती. "अहो, एका फोटोवरून! मला एवढं कळायला जन्म गेला. हे सगळ्यांच्या हातात जायला पाहिजे."

म्हणून ॲपवाल्या कंपनीनं जेव्हा विचारलं, की ॲप आता फोनवर शेतकऱ्यांशी माणसासारखं बोलणार आहे आणि शेतकरी तुमचा आवाज ओळखतात, तर ॲपला तुमचा आवाज देऊ का, तेव्हा ते लगेच हो म्हणाले. कंपनीची मुलगी पुण्याहून आली. चुणचुणीत होती, मला आवडली. आवाज घुमू नये म्हणून तिनं मागच्या खोलीच्या भिंतींना सरांच्या गोधड्या लटकवल्या, आणि सर त्या गोधड्यांच्या मधोमध स्टुलावर बसून कितीतरी दुपारी वाक्यं वाचत राहिले. "फुलकिड्यांचा प्रादुर्भाव दिसतो." "पाण्याचा निचरा करा." मुलगी म्हणायची, "सर, थोडं गावरान बोला ना." सर म्हणायचे, "मी जसा बोलतो तसा बोलतो." पुढे ॲप त्यांच्याच आवाजात "राम राम पाव्हणं, काळजी करू नका" म्हणायला लागलं, तेव्हा सर दचकले. पाव्हणं हा शब्द त्यांनी जन्मात कोणाला उद्देशून वापरला नव्हता, यंत्रानं तो त्यांच्या आवाजातून जुळवला होता.

त्यांची एक अट होती. यंत्रानं "शेत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही" आणि "चार दिवस थांबा" ही दोन वाक्यंही बोलली पाहिजेत. मुलीनं ती दोन्ही आवडीनं भरून घेतली.

मग सरांचा आवाज जिल्हाभर झाला. भाजी घ्यायला गेलं की कोणीतरी हात करायचं, "सर, काल बोललो की तुमच्याशी, लय येळ." किराणा दुकानात एक जण बायकोला सांगत होता, "हेच ते सर. कवा बी लावा, उचलतेत." सर सुरुवातीला समजावून सांगायचे, की ते मी नाही, ते यंत्र आहे, आवाज तेवढा माझा आहे. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, "पर तुमी सांगितलेलं औषध लय भारी निघालं बगा."

आणि सरांचा स्वतःचा फोन वाजायचा बंद झाला. एकदम नाही. आधी सकाळचे फोन कमी झाले, मग दुपारचे. मी तीन गल्ल्या सोडून राहते, कार्यालय सुटल्यावर त्यांच्याकडे डोकावायचे. एकदा मी घरी पोचते न पोचते तोच त्यांचा फोन आला. "अहो बाई, जरा मला फोन लावून बघता का? वाजतो का ते पाहायचंय." मी लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. "वाजतो," ते म्हणाले, आणि ठेवून दिला. 

ते मग बाजारात वांगी विकणाऱ्या बायकांना गाठायला लागले. ही कुठल्या शिवारातली? शेजारी काय आहे? पंप कोणाचा? "घ्यायची तर घ्या सर, न्हाई तर सरका," बायका म्हणायच्या. ते नको असलेली वांगी विकत घ्यायचे आणि ती माझ्या घरी पोचायची. मी वांगी खाऊन कंटाळले होते, पण त्यांना ते सांगवेना.

पोळा होऊन गेला होता. सुटीचा दिवस म्हणून मी सरांकडे गेले होते. वालूरकडचा एक शेतकरी खांद्यावर पोतं घेऊन दारात आला, सरांचा जुना ओळखीचा. राम राम नाही, काही नाही. त्यानं ते पोतं पडवीत उलटं केलं. उपटलेल्या पराट्या होत्या, कपाशीची अख्खी झाडं.

"बगा सर. तुमचंच ऐकलं. दोनदा फवारलं. काय झालंय बगा."

भिंगाची गरज नव्हती. मलासुद्धा दिसत होतं. कपाशीचं पान पंजासारखं पसरतं. ही पानं लांबट, अरुंद, शिरा एका ठिकाणी ओढून बांधल्यासारखी होती.

"मी सांगितलं फवारायला?" सरांनी विचारलं.

"मंग कुणी? फोटू टाकला. तुमी म्हन्ले फुलकिडे हायेत, पानं त्यानंच मुरडायलेत, औषध मारा. मारलं. पुन्ना इचारलं तर म्हन्ले अजून येक मारा."

"पंप कोणाचा?"

"भावकीचा. माझा बिघडलाय."

"त्यांचा ऊस आहे?"

"हाय की. उसात तणनाशक मारलं हुतं त्यांनी. पर मी पंप चांगला खळखळून धुतला, सर."

सरांनी एक पराटी उचलून तिचं पान बोटावर पसरलं. मग हळू म्हणाले, "अहो, हे आधी सांगायचं ना."

"तुमी कुठं इचारलं?" तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "आदी तर इचारायचे तुमी. पंप कुणाचा म्हणून डोस्कं खायचे. आवंदा न्हाई इचारलं. मला वाटलं, आता त्याची गरज न्हाई."

सर खाली बसले, पराट्यांच्या शेजारी, फरशीवर. "विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मी भडकले. तुमचं काय चुकलं? यंत्र बोललं, तुम्ही बोललात का? त्या कंपनीला जाब विचारा, असं बरंच काही बोलले. सर म्हणाले, "बाई, यांनी यंत्राचं ऐकून पंप नाही भरला. माझं ऐकून भरला." 

आम्ही तिघं रेल्वेनं सेलूला आणि तिथून काळीपिवळीनं वालूरला गेलो.  रान पाहिलं. बुडाकडची बोंडं शाबूत होती, पण वरची निम्मी पराटी वेडीवाकडी झाली होती. दर फवारणीला औषधाबरोबर तणनाशकाचा अंश जात होता आणि पानं अजून मुरडत होती. पानं अजून मुरडली म्हणून पुन्हा फवारणी. सरांनी चारी बांध फिरून पाहिले आणि म्हणाले, "आता काही म्हणजे काही मारू नका. खालची बोंडं फुटतील. शेंड्याला सरळ पानं येतात का ते बघू. मी चौथ्या दिवशी येतो."

तो माणूस हो म्हणाला. जरा वेळ पायानं ढेकळं फोडत उभा राहिला. मग बांधाकडे चालत गेला आणि आमच्याकडे पाठ करून त्यानं फोन काढला. लांब होता, पण रान शांत होतं.

"सर, हितं सर आलेत. ते म्हणतेत काही मारू नका. काय करू?"

आणि फोनमधून सरांचा आवाज आला. स्वच्छ, जरा तरुण, कुठे न अडखळणारा. "राम राम पाव्हणं. काळजी करू नका. पिकाला ताण आलेला दिसतोय. विद्राव्य खताची फवारणी घ्या."

माझ्या शेजारी उभे असलेले सर ते ऐकत होते. स्वतःचाच आवाज, आणि त्यात ते नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहवलं नसतं. मग ते चालत त्या माणसापाशी गेले आणि म्हणाले, "अहो, ते पंपाचं विचारत नाहीत." फोनमधल्या स्वतःलाही ते अहो-जाहोच करत होते.

"पर सर, ते बी तुमीच की," तो माणूस रडवेला होऊन म्हणाला. "मंग कोणत्या तुमचं ऐकू?"

"माझं ऐका. मी इथे उभा आहे."

"तुमी नुसतं थांबा म्हणता. ते काहीतरी करा म्हणतेत."

चौथ्या दिवशी सर एकटेच गेले. त्यानं फवारलं होतं. पंप तोच. "राहवलं न्हाई, सर," तो म्हणाला म्हणे, "रोज नुसतं बघत बसवत न्हाई." सर त्याच्यावर चिडले नाहीत. परत आल्यावर पडवीत चपला काढता काढता मला म्हणाले, "माझ्याच आवाजात सांगितल्यावर ते तरी काय करतील?" मग त्यांनी कंपनीच्या त्या मुलीला फोन लावला.

त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. ती दोन वाक्यं कुठे गेली? मुलगी प्रामाणिक होती. तिनं चौकशी करून दोन दिवसांनी सांगितलं. वाक्यं होती, सर. सुरुवातीला ॲप म्हणायचंही, थांबा म्हणून. पण उत्तर ऐकून झालं की शेतकरी अंगठा दाबतात, आवडलं तर सरळ आणि नाही आवडलं तर उलटा. थांबा म्हटलं की अंगठा उलटा. शेत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही म्हटलं की अंगठा उलटा. ज्याला उलटे अंगठे जास्त, ते उत्तर आपोआप मागे पडत जातं. "कोणी काढलं नाही, सर. शेतकऱ्यांनाच नको होतं."

फोन स्पीकरवर होता. 

"बरं," ते म्हणाले. "मग आवाजही काढा."

"सर, सगळ्यांना तुमच्या आवाजाची सवय झालीय. दुसऱ्या आवाजावर एवढा विश्वास बसणार नाही."

"म्हणूनच काढा."

मुलगी म्हणाली, प्रयत्न करते, पण वेळ लागेल. त्या मधल्या काळात सर वालूरच्या आठवडी बाजारात गेले. मी नको म्हणत होते. तिथे चौकात उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, की फोनमध्ये बोलतो तो मी नाही, पंप उसवाल्याचा असेल तर कपाशीवर वापरू नका. भोवती माणसं जमली. त्यांचा आवाज उन्हानं आणि ओरडून बसला होता. एका जणानं फोन काढून ॲपमधल्या सरांना बोलायला लावलं, दोन्ही आवाज ऐकले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "नक्कल बरी करतेत, पर जमली न्हाई." लोक हसले. सरांनी हे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना हसले. मला हसू आलं नाही.

ॲपमधून सरांचा आवाज काढला गेला तेव्हा तुरीला शेंगा धरल्या होत्या. एका सकाळी ॲप दुसऱ्याच कोणाच्या तरी गोड, गुळगुळीत आवाजात बोलायला लागलं. सरांनी ते माझ्या फोनवर ऐकलं, मान हलवली आणि दाढी करायला आत गेले. आता लोक मलाच विचारतील, असं ते बोलले नाहीत. पण त्यांनी त्या दिवशी फोन नीट चार्ज करून खिशात ठेवला आणि भिंगाची काच पुसली, हे मी पाहिलं.

फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी माणसं आली.

मी सरांच्या पडवीत पेपर वाचत बसले होते. फाटकाशी एक म्हातारा शेतकरी आला, चपला बाहेरच काढल्या, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि खाली मान घालून पायरीवर बसला. कोणाच्या घरी माणूस गेलेलं असलं की बसतात तसा. मी विचारणार, तेवढ्यात सर आतून बाहेर आले.

"अहो, काय झालं?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "सर? तुमी... आवो, फोनमधी दुसराच बोलायलाय. आमी म्हन्लं, सर गेले." आणि तो रुमाल डोळ्यांना लावून रडायला लागला, मग हसायला लागला, मग पुन्हा रडायला लागला.

त्याच्या मागून जिंतूरकडचे दोघं आले. मग वालूरहून जीप भरून आली. येलदरीकडची एक बाई फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून घेऊन आली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. सरांच्या घरात मागे रडायला कोणी नाही हे तिला ठाऊक होतं. "म्हन्लं, भेटाया येतील ते तरी खातील," ती म्हणाली आणि समोर सरांना पाहून तिला ते फडकं कुठे ठेवावं कळेना. सरांनी ते तिच्या हातातून घेतलं. "आणा, मी सकाळपासून काही खाल्लं नाही." आणि स्वतःच्या सुतकाची भाकरी त्यांनी आवडीनं खाल्ली, वर कांदा मागून घेतला.

तशी दुपार मी सरांच्या घरी कधी पाहिली नव्हती. पडवीत बसायला जागा उरली नाही. लोक आधी संकोचले, मग एकानं तुरीवरच्या अळीचं काढलं, दुसऱ्यानं हरभऱ्यावरच्या मर रोगाचं. सरांची सरबत्ती सुरू झाली. वारं कुठलं? शेजारी काय पेरलंय? "पंप कोणाचा?" म्हटल्याबरोबर सगळी पडवी एकदम हसली, आणि सर का हसलात म्हणून सगळ्यांकडे भाबडेपणानं पाहत राहिले. पराट्या आणणारा तो वालूरचा माणूसही आला होता. फाटकापाशीच उभा होता, आत यायला धजत नव्हता. सरांनी त्याला हाक मारून शेजारी बसवलं आणि भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्या हातात दिला.  मी चहा करून करून दमले. एवढं आनंदी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर माणसं निघाली. जो तो फाटकातूनच फोन लावून गावाकडे कळवत होता, सर ठणठणीत हायेत, कायबी झालं न्हाई, आपुन उगं भ्यालो. सर फाटकाशी उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, "विचारा हो काही अडलं तर. मी येईन." सगळे हो हो म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर मी गेले. सरांनी शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणून पडवीत मांडल्या होत्या. माठ भरलेला होता. गॅसवर चहाचं मोठं पातेलं झाकून ठेवलं होतं. धुतलेला शर्ट घालून, भिंग गळ्यात घालून ते एका खुर्चीवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बाकीच्या खुर्च्यांवर दिवसभराची धूळ होती.

"कोणी आलं होतं?" मी विचारलं.

"नाही."

"येतील, सर. कामाचे दिवस आहेत."

"नाही हो," सर म्हणाले. "मी जिवंत आहे हे कळलं असेल आता सगळ्यांना." आणि खुर्च्या परत द्यायला उठले.